जुना नंबर नको

रविवार, २५ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

आशीर्वाद. रागातले आहेत, पण आशीर्वादच आहेत.

आज फोन ठेवताना तू विचारलंस, "ताई, चिडलीयेस का गं?" मी म्हटलं, "छे, मी कशाला चिडू." चिडले आहे. पण घरचा नियम तुलाही माहीत आहे. बाबांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून जगाची भांडणं ऐकली आणि आपल्या दोघींना लहानपणीच ताकीद दिली, की भांडण फोनवर करायचं नाही, करायचंच असेल तर कागदावर करा, निदान वाक्य तरी पुरं होतं. म्हणून हे पत्र. तुझ्या लग्नानंतरचं हे माझं सहावं असावं. पाचवं आईच्या बांगड्यांवरून होतं.

तर आजचा तुझा फोन एक तास दहा मिनिटं चालला. मी घड्याळ लावून बसले नव्हते, पण स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर ओट्यासमोर आहे, त्याला मी काय करू? नऊ वाजल्यापासून बाबांची तयारी. दाढी केली. इस्त्रीचा निळा शर्ट घातला. मी विचारलं, "फोनवर शर्ट दिसतो का?" तर म्हणाले, "आवाजात दिसतो." दहाला रिंग वाजली, ती अर्धीसुद्धा वाजू दिली नाही. आणि मग ते हसणं, त्या गप्पा! दार लावून घेतात गं, माझ्यासमोर बोलतसुद्धा नाहीत. मला मात्र दिवसाला चार वाक्यं. "आलीस?" "भाजी बरी झालीये." "तो दिवा बंद कर." "झोप आता." सकाळ-रात्रीच्या गोळ्या मी देते, गुडघ्याला मलम मी चोळते, नखं मी काढते, आणि इस्त्रीचा शर्ट तुझ्यासाठी. मला हेवा वाटतो. लिहूनच टाकते, म्हणजे "ताईला काय झालंय" म्हणून तू नवऱ्याशी चर्चा करत बसायला नको.

दुसरी गोष्ट. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई वाचायचा चष्मा करायला आल्या होत्या, त्या निघाल्या टेलिफोन कंपनीच्या. मी फ्रेमचे स्क्रू आवळत होते तेवढ्यात त्यांनी मला पुरतं गुंडाळलं. म्हणे घरचा फोन, इंटरनेट आणि दोन मोबाइल, सगळं एकाच पॅकेजमध्ये. एक कंपनी, एक बिल, एक तक्रार. दुसरा मोबाइल बाबांना. मी घ्यायचं ठरवलंय. बाबा म्हणाले, "आहे ती लाइन चांगली आहे." म्हटलं, तुमच्या लाडकीला तुमचं तोंड बघायचंय ना व्हिडिओवर, मग इंटरनेट नको?

फोनचंच चाललंय तर आणखी एक ऐक. दुकानात तो मुका माणूस अजून फोन करतो. जेवणाची सुट्टी संपवून मी शटर वर केलं, की सव्वादोनला रिंग. मी "हॅलो, नमस्कार, चष्म्याचं दुकान" म्हणायचं आणि त्याने ठेवून द्यायचं. आठ वर्षं झाली! दुकानातला फोन जुना, कुणाचा आला ते दिसत नाही. मालकीणबाई म्हणतात तुझा कुणी चाहता असेल. परवा माझं डोकं फिरलं होतं, मी त्याला चांगलाच झाडला. म्हटलं, "मेल्या, तोंडात जीभ नाही का? की दुसरा उद्योग नाही?" दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वादोनला हजर. निर्लज्ज.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे.

ताई


शुक्रवार, १ मार्च

प्रिय ताई,

सहावं नाही, सातवं. बांगड्यांनंतर एक माझ्या नवऱ्याच्या मिशीवरून होतं.

तुझं पत्र लॅबमध्ये वाचलं. एका हातात रक्ताच्या नळ्या आणि एका हातात तू. दोन्ही लाल. ताई, अगं आठवड्यातून एक तास! तुझ्याकडे बाबा अख्खे आहेत. तुला ते रोज दिसतात, खोकले तर कळतं. मला नुसता आवाज मिळतो, तोही रविवारचा. हेव्याची गोष्ट काढलीस तर माझ्याकडेही बराच साठा आहे, पण तो आज काढत नाही.

आम्ही एवढा वेळ काय बोलतो असं तू विचारलं नाहीस, पण विचारायचंय हे मला कळतंय. ते नाही सांगणार. आमचं गुपित आहे ते.

(चिडलीस ना? मजा आली.)

पॅकेज जरूर घे. आमच्याकडे तेच आहे, घर, इंटरनेट, मोबाइल सगळं एकत्र, आणि खरंच डोक्याला ताप नाही. फक्त एक कर. अर्जात जुना नंबर कायम ठेवायचा का असं विचारतात, तिथे "हो" लिही. विसरू नकोस. मला माझ्या नवऱ्याचा नंबर पाठ नाही, पोराचा नाही. आयुष्यात तो एकच पाठ आहे. शाळेत हरवले होते तेव्हा मी बाईंना तोच सांगितला होता. आठवतं? तू मला घ्यायला आली होतीस.

चाहत्याला माझा नमस्कार. आठ वर्षं टिकलाय म्हणजे माणूस चांगला असणार. दिसायला बरा निघाला तर कळव.

तुझी चिमणी


बुधवार, २० मार्च

चि. चिमणीस,

तुला हवं होतं ना सगळं नवीन, झालं. सोमवारी, अकरा तारखेला जुनी लाइन कापली. कंपनीची दोन माणसं आली, शिडी लावली, खिडकीतून नवी तार आत घेतली, भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला. डब्यावर चार दिवे. तीन हिरवे झाले, चौथा लाल. तो फोनचा. "चालू व्हायला पंधरा दिवस लागतील." जुना फोन ते घेऊन जाणार होते, पण बाबांनी तो पोटाशी धरून ठेवला. आता कपाटावर आहे, फडक्याने पुसतात रोज. नव्या फोनची तार थेट भिंतीत जात नाही, त्या डब्यात जाते. बाबांनी विचारलं, "वीज गेली तर?" तो माणूस म्हणाला, "मग फोन बंद, आजोबा." बाबा त्याच्याकडे असे बघत राहिले, की त्याने उगाचच स्क्रू ड्रायव्हर पुसला.

मोबाइल दिला तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलाय. म्हणे, "खिशात वाजतो त्याला फोन म्हणत नाहीत."

आणि नंबर गेला. कंपनीने घोळ घातला. मी काय करणार? नवीन नंबर लागला की कळवीन.

सतराला तू मोबाइलवर फोन केलास तेव्हा मी बाहेर होते. बाबा घरी झोपले होते. त्यानंतर तुझे आलेले फोन बघितले, पण दुकानात गर्दी होती.

आता खरं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. परवाच्या रविवारी बाबांनी दाढी केली, शर्ट घातला आणि लाल दिव्यासमोर खुर्ची टाकून बसले. साडेअकरापर्यंत. मग शर्ट काढून हँगरला लावला.

पुढचं त्याहून वाईट. दुपारची गोळी ते स्वतः घेतात आणि कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने छोटी खूण करतात. रविवारी मी घरी असते, हातात देते, म्हणून तेवढी एक जागा कोरी. बाकी आठ वर्षांत खाडा नाही. अकरा तारखेपासून एकही खूण नाही! मी विचारलं तर म्हणतात, "घेतली." खूण का नाही विचारलं तर पेपर उघडतात. म्हणजे तुझा आवाज कानावर पडणार नाही म्हणून माणसाने औषध सोडलं. मी समोर चोवीस तास जिवंत उभी आहे, तिच्यासाठी एक गोळी घेववत नाही.

घे, झालं समाधान? तू जिंकलीस.

गंमत म्हणजे तो मुकासुद्धा दहा दिवस गायब आहे. सव्वादोन वाजतात आणि शांत. त्यानेही बहुतेक पॅकेज बदललं.

ताई


सोमवार, २५ मार्च

ताई,

आज "प्रिय" लिहीत नाही.

सतरा तारखेला दहा वाजता मी नेहमीचा नंबर लावला तर एक बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मी तीनदा लावला. मला वाटलं बोट चुकतंय. मग तुझ्या मोबाइलवर केला. तू म्हणालीस, बाहेर आहे. ताई, मागे कुकरची शिट्टी वाजली. तू कुठल्या बाहेर कुकर लावतेस? आणि साडेअकरापर्यंत लाल दिव्यासमोर बसलेले बाबा झोपले कधी?

त्यानंतर चार वेळा केला. उचलला नाहीस. मग तुझं पत्र आलं, त्यात गोळीचं वाचलं. मी लॅबमध्ये काम करते, ती गोळी चुकली की रक्ताचं काय होतं ते मी रोज कागदावर बघते. आणि तू "जिंकलीस" लिहितेस! ही शर्यत आहे का गं?

मी त्या कंपनीत तक्रार केली. पाऊण तास गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमची चूक नाही. अर्जावर ग्राहकाने स्वतः लिहिलंय, जुना नंबर नको. खाली सही आहे."

सही तुझी. मी पत्रात मुद्दाम लिहिलं होतं, "हो" लिही. तरी तू "नको" लिहिलंस.

का, ते मला विचारायचं नाही. मला आता फक्त बाबा हवेत. अठ्ठावीस एप्रिलला मी येतेय, दोन तिकिटं परतीची काढली आहेत. बाबांना मी माझ्याकडे नेणार. कायमचे. आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. गोळ्या मी माझ्या हाताने देईन. त्यांची बॅग भरून ठेव. तोवर त्यांना गोळी तुझ्या डोळ्यांसमोर घ्यायला लाव.

आणि त्यांना सांग, की चिमणीने फोन केला होता. एवढं तरी सांग.

चिमणी


शनिवार, ३० मार्च

चिमणे,

हो, मी लिहिलं. निळ्या शाईच्या पेनाने, स्वच्छ अक्षरात. "जुना नंबर नको."

तुझं पत्र अर्ज भरायच्या आदल्या दिवशी मिळालं होतं, तेव्हा विसरले असं म्हणायची सोय नाही. मी "हो" लिहायलाच पेन टेकवलं होतं. तेवढ्यात तुझं ते वाक्य आठवलं. "ते नाही सांगणार. आमचं गुपित आहे ते." तू चेष्टेत लिहिलंस, कळतंय मला. पण मी चौपन्न वर्षांची बाई, त्या एका ओळीने अशी पेटले, की काय सांगू. म्हटलं, बंदच करते ती तुमच्या गुपिताची खिडकी. महिनाभर तरी बाबांना चिमणी नको, मीच. बघू तरी मग माझ्याशी किती बोलतात.

नाही बोलले. त्याच चार वाक्यांतून उलट एक कमी झालं.

कुकरचंही खरं. तू फोन केलास तेव्हा बाबा माझ्यापासून सहा फुटांवर होते, त्या लाल दिव्यासमोर, निळ्या शर्टात. मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून तुला सांगत होते, की ते झोपलेत. फोन ठेवला आणि भात करपला.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

सव्वीसला नवा फोन चालू झाला. नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. उद्याच्या रविवारी हे पत्र तुला मिळालेलं नसेल, पण सात तारखेला दहा वाजता कर. शर्टाला मी इस्त्री करून ठेवीन.

गोळीची खूण सत्तावीसपासून पुन्हा सुरू झालीय. मी काही म्हटलं नाही.

बॅगेचं काय करू? माळ्यावरून काढली, पुसली, त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवली. पुन्हा उचलून माझ्या खोलीत आणली. तू नेलंस तर तुझं बरोबरच आहे, माझी बोलायची प्राज्ञा नाही. पण चिमणे, मी दुकानातून आल्यावर "आलीस?" कोण म्हणेल गं मला? मी या चार वाक्यांना नावं ठेवत होते. आता वाटतं, एक जरी राहिलं तरी पुरे.

ताई


रविवार, ७ एप्रिल

चिमणे,

तुझं उत्तर नाही. आज दहाला तू फोन केलास, बाबांशी बोललीस, पन्नास मिनिटं. ताईला फोन द्या म्हणाली नाहीस. बरोबर आहे. तरी मी लिहितेय, कारण काल जे झालं ते तुला नाही सांगितलं तर मी फुटेन.

काल संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला, की आता सगळे कॉल मोबाइलमध्ये दिसतील. जुन्या बिलावर नुसता आकडा यायचा. इथे यादीच. घरच्या फोनवरून कुठे, किती वाजता, किती वेळ. मी चहा पीत सहज उघडली.

२७ मार्च, दोन पंधरा, सहा सेकंद.
२८ मार्च, दोन पंधरा, पाच सेकंद.
२९ मार्च, दोन पंधरा, सहा सेकंद.

आणि तसंच खाली कालपर्यंत. रविवार सोडून. पुढे नंबर होता, तो मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. आमच्या दुकानाचा.

चहा तसाच राहिला. मी उठून कॅलेंडरपाशी गेले. खुणा आणि यादी, एकेक तारीख लावून बघितली. बरोबर जुळली! मग जाऊन गोळ्यांची बाटली ओतून मोजली. एकही गोळी जास्त नाही, कमी नाही. अकरा ते सव्वीस रोजची घेतलेली आहे. गोळी त्यांनी कधी सोडलीच नव्हती, चिमणे. ती खूण गोळीची नव्हतीच.

बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर केला, यादी वाचली, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाले, "पाच सेकंद लिहिलेत ते चूक आहे. सहाच होतात."

"बाबा!"

"लाइन तपासतो," म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये रोज तपासायचो. रिंग द्यायची, पलीकडून हॅलो आलं की रजिस्टरमध्ये टिक करायची आणि ठेवून द्यायचं. तपासणाऱ्याने बोलायचं नसतं."

"आठ वर्षं?"

"तुझी आई गेली तेव्हापासून. तू पंधराव्या दिवशी कामावर गेलीस. मला बघायचं होतं, तुझा आवाज कसा आहे."

मी विचारलं, मग घरी मी रोज बोलते ते काय आहे? तर पेपरची घडी घालत बसले. किती वेळ घालत होते! मग म्हणाले, "घरी तू दमून येतेस. दुकानात तू छान हॅलो म्हणतेस. नमस्कार पण म्हणतेस. घरी तुझा तो आवाज मला ऐकायला मिळत नाही."

चिमणे, मी त्यांची चार वाक्यं मोजत होते गं. माझी कुणी मोजायची? "हे घ्या." "पाय वर करा." "किती वेळा सांगायचं?" ही माझी वाक्यं. आणि त्या मुक्याला, त्या अनोळखी माणसाला, रोज नमस्कार!

मग मला आठवलं, मी त्याला मेल्या म्हटलं होतं. तेही विचारलं. म्हणाले, "त्या दिवशी लाइन एकदम खणखणीत होती."

हसले मी. रडता रडता हसले. आणि त्याच भरात अर्जाचं सांगून टाकलं. नंबर मी घालवला, चिमणीचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले, सगळं. ते म्हणाले, "अर्ज टेबलावर पडला होता, मी वाचला होता. तू रागात काय करतेस ते मला तू पाचवीत असल्यापासून ठाऊक आहे. निवशील म्हणून थांबलो."

"आणि चिमणीसाठी तिथे तेवढा वेळ बसलात, त्याचं काय?"

"वाईट वाटलं," म्हणाले. एवढंच. पण सरळ माझ्याकडे बघून म्हणाले.

आता तुला जे ठरवायचं ते ठरव. बॅग माझ्या खोलीत आहे, अजून रिकामी.

ताई


गुरुवार, ११ एप्रिल

प्रिय ताई,

घे, "प्रिय" परत दिलं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा असा जळफळाट झाला, की लॅबमधली नळी हातून सुटली. आठ वर्षं! रोज! मला वाटत होतं बाबांची लाडकी मी. मी दर रविवारी तासभर मिरवत होते, आणि ते इकडे रविवार सोडून रोज तुझा हॅलो ऐकत होते.

आता माझा साठा काढते. आमचं गुपित. ऐकायचंय ना तुला, आम्ही तासभर काय बोलतो? तुझ्याबद्दल बोलतो. मी विचारते, "बाबा, तुम्ही कसे आहात?" ते म्हणतात, "बरा आहे. ताईचा उजवा खांदा दुखतोय, ती सांगणार नाही." ताईने नवीन चपला घेतल्यात, चावतात बहुतेक. ताई काल दोन घास कमी जेवली. ताईच्या दुकानात म्हणे मोठी गर्दी असते. मी माझ्या बढतीचं सांगायला जाते आणि ते म्हणतात, "वा, वा. हे ताईला सांगितलंस का?" दार का लावतात, कळलं आता? मी तुला सांगितलं नाही, कारण मला लाज वाटायची. माझ्या फोनवर, माझ्या पैशाने, माझ्या रविवारी, सगळी तूच! तुला निदान वाटत राहू दे, की तास माझा आहे. हेवा काय तुला एकटीलाच करता येतो?

सात तारखेला तुझ्याशी मुद्दामच बोलले नाही. पन्नास मिनिटांतली चाळीस तुझी होती, अजून काय द्यायचं?

एक तिकीट मी रद्द केलं. अठ्ठावीसला येते, चार दिवस राहते, एकटी परत जाते. बॅग माळ्यावर टाक. खालच्या खोलीत नवऱ्याने आधीच व्यायामाचं यंत्र आणून ठेवलंय, त्याचाही जीव भांड्यात पडेल.

पण माझी एक अट आहे. बाबांना सांग, माझीही लाइन तपासा. लॅबमध्ये माझ्या टेबलावर फोन आहे, सकाळी अकराला मी तिथेच असते. मी मागितलं तर ते म्हणतील, तू तर दर रविवारी बोलतेस. तू सांगितलंस तर करतील. मला तासभर नको. मला ते सहा सेकंद हवेत.

सांगशील ना? का पुन्हा "नको" लिहिशील?

तुझी चिमणी


गुरुवार, १८ एप्रिल

चि. चिमणीस,

आशीर्वाद. या वेळी नुसतेच.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. खांदा उजवाच दुखतोय. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

तुझ्या अटीचं मी सोमवारी सांगितलं नाही. मंगळवारीही नाही. उगाच खोटं कशाला बोलू, मला द्यायचं नव्हतं. आठ वर्षं जे माझं होतं ते मला कळून दोन आठवडेही झाले नाहीत. अजून नीट हातात धरलेलंसुद्धा नाही, आणि तू वाटा मागतेस.

मंगळवारी शटर वर केलं आणि फोनपाशी जाऊन उभी राहिले. मालकीणबाई बघत होत्या. सव्वादोनला रिंग. मी नेहमीसारखं म्हटलं, "हॅलो, नमस्कार, चष्म्याचं दुकान." पण मग राहवलं नाही, विचारलं, "बाबा, जेवलात?"

पलीकडून हळूच, "जेवलो." आणि धाडकन फोन ठेवला, चोरी पकडल्यासारखा!

पाच मिनिटांनी पुन्हा रिंग. मी हॅलो म्हटलं, नमस्कार म्हटलं, बाकी तोंड मिटून उभी राहिले. सहा सेकंद. मग ठेवला. संध्याकाळी मी विचारलं दोनदा का केला, तर म्हणाले, "पहिला धरता येत नाही. तपासणारा बोलला." कॅलेंडरवर खूण एकच होती.

हल्ली मी दारातून आत येताना "नमस्कार" म्हणते. पहिल्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवून विचारलं, "कोण आलंय?" आता सवय झालीय. काल म्हणाले, "आज भाजी बरी नाही झालेली." म्हणजे पाचवं वाक्य मिळालं.

तर काल बुधवारी मी तुझ्या लॅबचा नंबर त्यांना दिला. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून कॅलेंडरला टाचणीने लावला. तू मागितलास असं सांगितलं नाही. म्हटलं, "बाबा, चिमणीच्या आवाजाचं मला काही खरं वाटत नाही, जरा बघत जा." त्यांनी चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "चालेल तुला?"

मी म्हटलं, "चालेल." सोपं नव्हतं, पण म्हटलं.

सोमवारी अकरा वाजता तुझ्या टेबलावरचा फोन वाजेल. पलीकडून कुणी बोलणार नाही. तू फक्त चांगलं हॅलो म्हण, आणि जेवलात का म्हणून विचारू नकोस, नाहीतर त्यांना पुन्हा करावा लागेल.

ताई